आपली क्वालिटी आपणच सांगायची

हॉटेलात पाहुणे दोन दिवस राहून जातात, किस्से मात्र कायमचे मुक्कामाला असतात. लोणावळ्याजवळ वलवणच्या आमच्या हॉटेलात मी रिसेप्शनला आहे. तिथले निम्मे किस्से एकट्या 'क्वालिटी' या शब्दाने जमवून दिलेत.

पुण्याहून आलेल्या मॅनेजर मॅडमनी दर सोमवारी मीटिंग सुरू केली. प्रत्येकाने उभं राहून स्वतःची एक क्वालिटी सांगायची. क्वालिटी म्हणजे आपल्यातला चांगला गुण, हे सगळ्यांना कळलं. पण आमच्या मावळात माणूस गुण उधळतो, स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. पंचाईत तिथे झाली.

पहिला नंबर गेटवरच्या दगडूआबांचा. ते तिकोणा पेठ गावचे. बराच वेळ हातातली टोपी फिरवून म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

पुढच्या सोमवारी मॅडमनी आठवणीने विचारलं. आबा म्हणाले, "इचारलं. ती म्हनली, सांगन्यासारखं काय न्हाई, पर असूद्यात." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या!

रफिकभाई आमचे कुक. आपण शांत आहोत, आपल्याला राग येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला हसू आवरलं नाही. त्यानंतर दोन दिवस रिसेप्शनला चहा आला नाही. पण ते एक शब्द बोलले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे.

माझी पाळी आली तेव्हा मी 'पेशन्स' म्हणालो आणि पुरावाही दिला. एका पाहुण्याने फोन केला होता, की रूमला लेक व्ह्यूचे पैसे घेतलेत आणि धरण दिसत नाही, तेवढं धुकं हटवा. मी "लगेच बघतो सर" म्हणून फोन ठेवला. अर्ध्या तासात धुकं विरलं आणि त्यांनी फाइव्ह स्टार रिव्ह्यू दिला! मॅडम म्हणाल्या, ही क्वालिटी नाही, हे नशीब.

एकदा रफिकभाईंनी अदबीने मॅडमनाच त्यांची क्वालिटी विचारली. मी सगळ्यांचं ऐकून घेते, असं त्या म्हणाल्या. आबांनी बोलायला तोंड उघडलं, तोवर मीटिंग संपली होती.

आता सुनंदामावशी. त्या बेडसे गावच्या, हाउसकीपिंगला. बादल्या घेऊन जिने चढून गुडघे गेलेत त्यांचे. सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली नाही तर काम सोडावं लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटत होतं.

ती जागा कोणाला द्यायची ते ठरवायला त्या सोमवारच्या मीटिंगला मालक स्वतः येऊन बसले. त्याच जागेसाठी बाहेरून एक हॉटेल मॅनेजमेंट केलेली मुलगी आली होती. तिने लीडरशिप, टीम स्पिरिट वगैरे सगळं एका दमात सांगितलं, आणि छान सांगितलं. मावशींना आम्ही आठवडाभर पढवलं होतं. 'मी मेहनती आहे,' एवढंच म्हणायचं. त्या उभ्या राहिल्या आणि पदरच सारखा करत राहिल्या.

शेवटी मालक म्हणाले, "मावशी, सुपरवायझर म्हणून तुमची क्वालिटी काय?"

"ते हाताखालची मानसं सांगत्यात, सायब. मला अजून कुटं दिलीत?"

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते त्या मुलीकडे वळले. "तुम्ही यांच्या हाताखाली काम कराल का?"