धुळाचं बारकं चक्र

माणसाने हट्टी असावं, पण धुळा कोकरे होता तेवढं नाही.

धुळा गावोगावी सलग पाच दिवस सायकल चालवायचा. मैदानात चुन्याचं रिंगण आखायचं आणि त्यात फिरत राहायचं. जेवण, अंघोळ, दाढी, सगळं सायकलवरच. पाय जमिनीला टेकला की खेळ खलास. चौऱ्याहत्तर साली तो पलूसला आला तेव्हा लाउडस्पीकर माझा होता, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आदल्या दिवशी तो जोतिबाच्या सायकल दुकानात बसला होता. त्याच्या सायकलीचं मागचं चाक फिक्स होतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायांना विसावा नाही. मात्र पायडल थोडं पुढं, थोडं मागं करत अशा सायकलीवर जागच्या जागी उभं राहता येतं. धुळाला पुढचं मोठं दातेरी चक्र काढून पोरांच्या सायकलीचं बारकं बसवून हवं होतं.

"बारक्यावर तेवढ्याच वाटंला लय पायडलं मारावी लागत्यात," जोतिबा म्हणाला. "पाच दिसांत पायाचं भुस्काट व्हईल."

"मोठ्यावर सायकल पळती, गड्या. बघनाऱ्यांची तोंडं दिसत न्हाईत."

"कुनाचं तोंड बघायचंय तुला?"

धुळा जरा वेळ साखळीला तेल लावत बसला. मग म्हणाला, "भामा हितंच हाय. तिच्या भावाकडं, नानासोकडं."

भामाबाई त्याची बायको. धुळाचं घर माणदेशातलं, मेंढरांमागं फिरणारं. फिरणं भामाबाईला नवं नव्हतं. मेंढरांमागं नवराबायको बरोबरच असत, जाईल तिथं तीन दगडांची चूल मांडायची. दुष्काळात मेंढरं गेली आणि धुळाने सायकल धरली. सायकलवर बिऱ्हाड बसत नाही. रिकामं घर एकटीने किती दिवस राखायचं? ती माहेरी निघून आली.

आता ती खेळ बघायला आली तर तिला "घरी चल" म्हणायचं, एवढ्यासाठी गड्याने पलूस गाठलं होतं. सरळ नानासोच्या दारात जाऊनही म्हणता आलं असतं. पण सरळ जाईल तो धुळा कसला. जोतिबाने कपाळाला हात लावला आणि बारकं चक्र बसवून दिलं.

खेळ सुरू झाला. सगळं गाव त्याला बघत होतं आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. बोलणार तरी काय, वाक्य पुरं व्हायच्या आत तो पुढं गेलेला असायचा. मी कर्ण्यावरून त्याचं कौतुक करायचो, तेही गर्दीला ऐकवायला. इतक्या माणसांत इतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक फेरीला तो बायकांच्या बाजूला हळू व्हायचा आणि पदराआडचं एकेक तोंड बघत पुढं सरकायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

चौथ्या दिवशी भरदुपारी लोक जेवायला पांगले होते, तेव्हा भामाबाई आली. चुन्याच्या रेघेशी उभी राहिली. धुळाने तिच्यासमोर सायकल थांबवली. पाय पायडलवरच, पुढं-मागं, पुढं-मागं.

"बरी हाईस?"

"हाय."

"घरला चल, भामा. न्यायलाच आलोय."

"येते. टेका पाय, आत्ता निघू."

"उद्या खेळ सरतोय. गावानं हार आनलाय. उद्या उतरतो की."

"आवं, मी आज म्हनते."

त्याचा डावा पाय पायडलवरून निम्मा सुटलेला मी पाहिला. मग तो पाय परत पायडलवर गेला. बारक्या चक्रावर धुळा झकास तोल धरून होता, जराही डगमगला नाही. भामाबाईने थोडा वेळ त्या पायांकडे पाहिलं आणि पदर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हार पडला, शिट्या झाल्या. दोघांनी त्याला उचलून सायकलवरून उतरवलं, कारण पाय उभे राहीनात. संध्याकाळी माझ्या खांद्याचा आधार घेत तो नानासोच्या घरी गेला. भामाबाईने पाणी दिलं, पाट मांडला, पाहुण्यांना वाढतात तसं आम्हाला वाढलं. रागाचा एक शब्द नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आता म्होरलं गाव कुठलं?" तिने विचारलं.

"उंब्रज," धुळा म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. हातातला घास हातातच राहिला.

भामाबाई चुलीकडे वळली आणि त्याला वाटेत खायला दोन भाकरी थापायला बसली.