अर्ध्या सुताचा माणूस

ताणलेल्या दोरीच्या रेषेत बघताना माणूस एक डोळा मिटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. सुतार मिटतो, गवंडी मिटतो. आमच्या मरोळच्या कॉलनीतल्या फिटरकाकांना ती गरज नव्हती. "माझं ते काम लेथ मशीननं आधीच करून ठेवलंय," असं ते म्हणत. तरुणपणी लोखंडाचा कीस उडून त्यांचा उजवा डोळा गेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्याने ते जे बघत, ते आम्हाला दोन डोळ्यांनी दिसत नसे.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. काका जवळच्याच औद्योगिक वसाहतीत फिटर होते, मूळचे कुडाळकडचे. कारखान्याच्या मागे गंजत पडलेली एक गाडी त्यांनी मालकाकडून मागून घेतली आणि वर्षभर रविवारचे रविवार खपून चालती केली. पण एका डोळ्याच्या माणसाला लायसन्स कोण देणार? मग काकूंना शिकायला लावलं. काकू पालिकेच्या इस्पितळात नर्स होत्या. शेजाऱ्यांनी भुवया उंचावल्या तेव्हा काका म्हणाले, "रडणाऱ्या पोराच्या दंडात ती सुई बरोबर घालते. तिला स्टिअरिंग काय जड?"

जड झालं, पण वेगळ्या कारणाने. गाडी सारखी डावीकडे ओढायची. ड्युटीवरून आल्यावर काकूंची मनगटं दुखायची आणि पुढचे टायर आतल्या कडेने झिजायचे. चाकं सरळ करून देणारं मशीन तेव्हा मोठ्या गॅरेजांत होतं, पण तिथे जाणं आमच्यासारख्यांना झेपणारं नव्हतं. काकांनी मासे पकडायची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणली आणि घरातली चार स्टुलं खाली उतरवली.

त्यांची पद्धत सांगतो. स्टुलांना बांधून गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला अगदी समांतर अशी तंगूस ताणायची. पुढच्या चाकांखाली फरशीचे दोन-दोन तुकडे, मधे ग्रीस, म्हणजे चाक हलकं वळतं. मग पोलादी पट्टीने दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचं आणि मागच्या कडेपर्यंत मोजायचं. पुढची कड अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, आत हवी. नसेल तर गाडीखाली सरपटत जाऊन चेकनट ढिला करायचा, चाकं वळवणारा दांडा, म्हणजे टायरॉड, थोडा फिरवायचा, बाहेर येऊन पुन्हा मोजायचं. असं दहा वेळा, कधी वीस वेळा.

"काका, अर्ध्या सुताने काय होतं?" मी एकदा विचारलं. मी विमा कंपनीत कारकून, जुनी गाडी घेऊन नुकताच कॉलनीत मिरवायला लागलो होतो.

"इथे काय होत नाही. घाटकोपरला पोचेपर्यंत समजतं," ते म्हणाले. "आणि घाय करू नको. दोरी काय सांगता ता बघ."

हळूहळू कॉलनीतल्या सगळ्याच गाड्या त्यांच्या दोरीखाली आल्या. कोणाकडून काही घेत नसत. काम झालं की चेकनटावर लाल रंगाचा एक ठिपका देत, नट आणि दांडा दोन्हींवर मिळून. नट कोणी फिरवला, तर ठिपका दुभंगायचा.

आणि एका रविवारी माझी गाडी बिघडली. म्हणजे त्यांनी करून दिली आणि बिघडली. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन हायवेवर गेलो होतो. समोरच्या टेम्पोने ब्रेक मारला, मीही मारला, तर गाडी उजवीकडे तिरपी गेली आणि शेजारच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. आईने माझा दंड धरून ठेवला. मी तसाच हळूहळू मोठ्या गॅरेजात गेलो. तिथला कारागीर मशीन लावून म्हणाला, "दोन सूत बाहेर. कोणी केलंय हे?"

मी सांगितलं नाही, आणि काकांनाही सांगितलं नाही. त्यांनी जिन्यात विचारलं, "गाडी कशी चाललीय रे?" मी म्हटलं, "झकास." त्यांचं मन दुखवू नये, एवढंच डोक्यात होतं. त्यानंतर त्यांनी आणखी दोन गाड्या केल्या, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती छोटी नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर माझ्या गाडीखालून काकांचे पाय बाहेर आलेले. मी खाली धावलो. ते गाडीखालूनच बोलले.

"ठिपका दुभंगलाय. नखाला लागतोय. दुसरीकडे करून घेतलंस?"

"हो."

"किती बाहेर होती?"

"दोन सूत."

ते सरपटत बाहेर आले. आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं. "माका पट्टीवरच्या रेघा दोन-दोन दिसतात," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, पडदा खराब होतोय, चष्म्यानं भागायचं नाही. मला वाटलं, सवयीनं जमेल. तू बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"गाडीत माणसं बसतात रे. माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसलास?"

मग त्यांनी शर्ट बदलला आणि नंतर केलेल्या त्या दोन गाड्यांच्या मालकांकडे गेले. मी लाजेने मागोमाग गेलो. प्रत्येक दारात त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "मी मोजलेलं चुकीचं असेल. पुन्हा बघेपर्यंत गाडी काढू नका." आवाज खाली नाही, सबबी नाहीत. एकाने "कशाला हात घालायचा मग?" असं तोंडावर ऐकवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मला वाटलं, आता स्टुलं कायमची वर गेली. पण त्याच दुपारी ती पुन्हा खाली आली. या वेळी दोरीजवळ काकू बसल्या होत्या, थर्मामीटर वाचावा तशी पट्टी डोळ्यांजवळ धरून. काका गाडीखाली पाना लावून वाट बघत होते.

"पुढे पाऊण सूत," काकू म्हणाल्या.

"नक्की?"

"तुम्ही फिरवा हो. मला वाचता येतं."

ज्यांनी दारात ऐकवलं होतं ते गृहस्थही गाडी घेऊन आले. पुढची तीन वर्षं त्या दोघांच्या जोडीने केलेली एकही गाडी परत आली नाही. काकूंचा आकडा आल्याशिवाय काका पाना हलवत नसत.

काका निवृत्त झाले तोवर त्यांना माणसांचे नुसते आकार दिसत होते. दोघांनी गावी जायचं ठरवलं, आणि गाडीनेच. एवढा लांबचा रस्ता, घाट, काकू एकट्या चालवणार. आम्ही सगळ्यांनी एसटीने जा म्हणून सांगून पाहिलं. दोघंही हसले. सकाळी गाडी गेटातून निघाली तेव्हा काका डावीकडच्या सीटवर होते, कापडी टोपी घालून, आवाज जिथून येईल त्या बाजूला हात हलवत.

आठवड्याने काकूंचं पोस्टकार्ड आलं. ते अजून माझ्याकडे आहे. "सुखरूप पोचलो. घाटात धुकं होतं. उतरल्या उतरल्या यांनी घरातही पाऊल टाकलं नाही. अंगणात उकिडवे बसून चारही टायरांवरून तळहात फिरवला. झीज सगळीकडे सारखी आहे म्हणाले, आणि मग पाणी मागितलं."