पुटपुटणारी सून

इकडे ये, अशी जवळ बस. आणि काय गं, इथं दुबईशेजारी अजमानमध्येच राहतेस आणि महिना महिना तोंड दाखवत नाहीस! नको, तिकडे नको, खिडकीला पाठ करून बसलीस की तुझ्या तोंडावर अंधार पडतो. मला ओठ दिसत नाहीत. हो, ओठ. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझी सून अश्विनी पुटपुटते, तोंडातल्या तोंडात बोलते, असं मी जगभर सांगत आले. तुलाही सांगितलंय. दुबईच्या मीना बझारात साडी घेताना दुकानदारालासुद्धा सांगितलं होतं, तिच्यादेखत. सगळे हसले. तीही हसली.

आता कानांची गंमत बघ. सगळं एकदम जात नाही गं. बारीक आवाज आधी जातात — बांगड्या, चिमण्या, बायका-पोरांचं बोलणं. जाड आवाज राहतात. असं का असावं? मला अजून नवल वाटतं. पण त्यामुळे झालं काय — माझ्या मुलाचं, नितीनचं, मला ऐकू यायचं आणि सुनेचं नाही. मग दोष कुणाचा? "आईला माझं बरोबर ऐकू येतं, तूच मोठ्यानं बोल ना," तो तिला म्हणायचा. ती मोठ्यानं बोलली की तोच म्हणायचा, "आईवर ओरडतेस कशाला?" आणि मी? मी आमटी भुरकत बसायची.

मला माहीत नव्हतं म्हणू? एका दुपारी कुकरसमोर उभी होते. वाफ उसळली, शिट्टी नाचली — आणि आवाज नाही. पुन्हा उसळली. नाहीच. शिट्टी बिघडली की काय म्हणून मी चक्क वाकून बघत राहिले. तेवढ्यात नात आतून धावत आली, गॅस बंद केला, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "आजी, सो मेनी व्हिसल्स!"

तेव्हा कळलं. आणि त्याच संध्याकाळी अश्विनी दुबई मरीनातल्या ऑफिसातून दमून आली, काहीतरी म्हणाली, आणि मी म्हटलं, "नीट बोल गं बाई, पुटपुटू नकोस."

कळल्यावर म्हटलं — आणि पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले. बहिरी म्हातारी म्हणवून घेण्यापेक्षा सून पुटपुटी बरी, नाही का? हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशीच झाली. ताट ठेवायची, मान हलवायची, जायची.

परवा रविवारी जेवताना नितीन पुन्हा तिला म्हणाला, "अगं, मोठ्यानं." आणि मी बोलून टाकलं — "तिचा आवाज चांगला आहे. मलाच ऐकू येत नाही. कधीचं माहीत आहे मला."

नितीनचा घास हातातच राहिला. अश्विनी उठून सिंककडे गेली, पाठमोरी काहीतरी बोलली. एरवी मी नुसती मान डोलावली असती. म्हटलं, "इकडे वळून बोल, मला ऐकू आलं नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले — आणि किती सोपं होतं गं ते!

ती वळली. "आई, ऑफिसमध्ये सगळे म्हणतात, मी ओरडून बोलते."

एवढंच. मग नळ सोडला, भांडी विसळायला लागली.

माझी बाजू काही नाही यात. तू पुन्हा ये, लवकर ये, ती घरी असेल तेव्हा. तुला तिच्याबद्दल जे जे सांगितलं, ते तिच्यादेखत खोडायचंय मला. बेल वाजव. दार तीच उघडेल — मला ऐकू येत नाही.