निशिकांतने मागितलेलं घड्याळ

निशिकांत कर्वे हा आमच्या ऑफिसातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस, हे मी त्याच्या तोंडावर सांगायचो. इमारतींचे नकाशे काढायचे, सातच्या आत सिंगापुरातल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटवर परतायचं. बायको नंदा, ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला, बसणारी मुलगी क्षिप्रा, संपलं. आमच्याकडे गणपतीत दुपारी पत्त्यांचा डाव मांडला की हा उठून स्वयंपाकघरात नारळ खवायला जायचा. "सोवळ्यातला आहे," असं मी सगळ्यांना सांगायचो. तो नुसता हसायचा.

गेल्या वर्षी कंपनीला ऑस्ट्रेलियातल्या एका गावाचं काम मिळालं. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी जोडून दुडक्या चालीच्या शर्यती लावतात, त्यांचा नवा ट्रॅक आणि त्याला लागून पैसे लावून पत्ते खेळायचा हॉल. विभागप्रमुख मीच. आपला माणूस पुढे यावा म्हणून हॉलचं काम निशिकांतला दिलं.

पहिल्या नकाशात त्याने ट्रॅककडे मोठी खिडकी काढली होती आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ. मी लाल पेनने दोन्ही खोडलं.

"अरे, शाळा बांधतोयस का? लोकांनी बसून राहायला हवं."

"खिडकी जाऊ दे, प्रबोध. घड्याळ तरी ठेव," तो म्हणाला. "माणसाला घरी जायची आठवण होते."

"तीच तर होऊ द्यायची नाहीये," मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो.

दुसरा नकाशा चार दिवसांत आला आणि मी चाटच पडलो. स्वच्छतागृह टेबलांपासून पंधरा पावलांवर. बाहेरचं दार खांबाआड. खाणंपिणं जागेवरच मिळावं म्हणून वाढप्यांची वाट वेगळी. क्लायंट खूश झाला. हे सगळं तुला कुठून सुचलं, असं मी विचारलं. "वाचलं कुठेतरी," तो म्हणाला.

म्हणून तिकडचा एक चालू हॉल आठवडाभर बघून यायला मी त्यालाच निवडलं. तो दोनदा नाही म्हणाला. क्षिप्राची परीक्षा जवळ आलीय म्हणाला. मी चिडलो. "पुढच्या महिन्यात तुझा इथला नोकरीचा पास रिन्यू करायचाय, जरा विचार कर," असं बोलून गेलो. वाक्य माझंच आहे, लपवत नाही.

तो गेला. परतीच्या विमानात नव्हता. ऑफिसला राजीनाम्याचं दोन ओळींचं मेल आलं. नंदाला त्याने फोन केला, "पुन्हा बसलो. आता घरी तोंड दाखवत नाही." मग फोन बंद.

नंदा ऑफिसात आली तेव्हा मला सारं कळलं. सहा वर्षांपूर्वी त्याला इथल्या कॅसिनोचं व्यसन लागलं होतं. त्याच्याच सांगण्यावरून तिने अर्ज केला आणि त्याच्यावर प्रवेशबंदी आणली. पण ती सिंगापूरपुरती. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल या धास्तीने दोघं गप्प राहिले.

राजीनामा आल्यावर त्याचा पास रद्द करायचा कागद माझ्याच टेबलावर आला. त्या पासच्या आधारावर मायलेकी इथे राहत होत्या. देश सोडायला तीस दिवस मिळाले. परीक्षेला चाळीस होते. मी घरी माफी मागायला गेलो तेव्हा क्षिप्रा पुस्तकं खोक्यात भरत होती. "नेव्हर माइंड लाह, अंकल," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

"त्याने मला एकदा सांगायचं होतं," मी नंदाला म्हणालो.

"सांगायलाच आला होता तुमच्याकडे. घरी येऊन म्हणाला, घड्याळ ठेव एवढंच तोंडातून निघालं, आणि प्रबोध हसला."

दोघी पुण्याला गेल्या. निशिकांत कुठे आहे, हे अजून कुणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात शेवटचा नकाशा पाठवताना मी त्या भिंतीवर घड्याळ काढलं. क्लायंटने ते खोडून परत पाठवलं. मी सही केली.