बोटं थांबली तशी बटणं सरकली

माझा धाकटा भाऊ टायपिंग शिकवायचा. गोंदियाला लागून कुडवा आहे ना, तिथे आमच्या घराच्या समोरच्या खोलीत त्याचा क्लास. आधी मशीनी होत्या. दिवसभर खडखड, दुपारची झोप म्हणून नाही. मग दोन हजार सालाच्या पुढेमागे मशीनी गेल्या, कॉम्प्युटर आले. नवऱ्याच्या मागे मी माहेरी परत आलेली, भावाचं लग्न झालेलं नाही, म्हणजे घरात आम्ही दोघंच. मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं त्या क्लासात झाडू मारता मारता शिकले, म्हणून माझ्या डोक्यात अजूनही ए नंतर बी येत नाही, एस येतो. बटणांच्या रांगेसारखा.

आधी त्याच्या हातून कप सुटायला लागला. मग चप्पल पायातून निघून जायची आणि त्याला कळायचंही नाही. नागपूरच्या डॉक्टरनी सांगितलं, स्नायू सुकत जाण्याचा आजार आहे, औषध नाही, सांभाळा. कसं सांभाळायचं ते काही सांगितलं नाही. आधी पाय गेले, मग क्लास गेला. बाकीचे कॉम्प्युटर विकले, एक ठेवला. का ठेवला? खेळासाठी.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस आणि खेळ? मीही म्हणायची. पण तो खेळ पोरखेळ नव्हता. पडद्यावर आपलं गाव असते. माणसं लाकडं तोडतात, शेती करतात, झोपड्या बांधतात, त्यातूनच शिपाई उभे करायचे. समोरचाही तेच करत असतो, आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. तुम्ही विचार करत बसलात की तो येऊन तुमचं गाव जाळून जातो. म्हणून हुकूम माऊसनं शोधत बसायचे नाहीत, बटणावर ठेवायचे. एक बटण दाबलं की शेत, दुसरं दाबलं की शिपाई. त्याला हॉटकी म्हणतात, आणि कोणता हुकूम कोणत्या बटणावर ते आपल्या मनानं बदलता येते.

दर रविवारी त्याचा एक जुना विद्यार्थी यायचा. जवळच्या मुर्रीत त्याचं मोबाईलचं दुकान होतं. आपला कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून आणायचा, दोघांत वायर जोडायचा आणि दोघं भांडायचे. आठवडाभर भाऊ त्या रविवारासाठी जेवत होता म्हटलं तरी चालेल.

मग डाव्या हाताची करंगळी गेली. तिच्या मागे तिच्या बाजूचं बोट.

विद्यार्थी म्हणाला, "सर, बटन बदल देते हैं ना. सब आपके चलनेवाले उंगली के नीचे."

तर हा चिडला! "नाही. प्रत्येक बोटाचं आपलं घर असते. तुले काय शिकवलं होतं मी?"

"सर, घर है, पर घर में कोई रहता नहीं अब."

मला वाटलं आता हा बोलणंच टाकेल. पण तो हसला. खूप हसला, खोकला येईपर्यंत. ज्यानं गावच्या पोरापोरींची बोटं पट्टीनं जागेवर बसवली, त्यानं त्या दिवशी स्वतःची बटणं हलवू दिली. खेळात एक पान असते, तिथे हुकुमांची यादी येते. भाऊ हुकूम वाचत गेला, मी बटणं निवडून दाबत गेले.

मी आपल्या अकलेनं सगळं जवळजवळ लावलं. फडताळात कसं, तिखट, हळद, धने शेजारी शेजारी असले की हात फिरवावा लागत नाही. शेत, लाकूड, झोपडी एकाला लागून एक. रविवारी डाव सुरू झाला आणि याचं शेत काही होईना, झोपड्याच होऊन राहिल्या. झोपडीवर झोपडी. विद्यार्थी तिकडून ओरडतो, "सर, कॉलनी काट रहे हो क्या?"

भाऊ म्हणाला, "बाई, माझं बोट उचलत नाही, घासत जाते. शेजारचं बटण दबते. मधे धुरा पाहिजे."

आम्ही मूळ सालेकशाकडची माणसं, भाताची बांधी म्हटलं की कडेला मातीचा धुरा आलाच. दोन बांध्यांच्या मधे धुरा नसला तर याचं पाणी त्याच्यात. मग मी हुकूम एकेक बटण सोडून लावले, पेचकस घेतला आणि कामाच्या बटणांच्या मधली सगळी बटणं उपटून काढली. कीबोर्ड दात पडलेल्या तोंडासारखा दिसायला लागला. पण चाललं! पुढची होळी येईपर्यंत चाललं. एकदोन डाव जिंकलाही, आणि विद्यार्थ्यानं जाणूनबुजून हरलो नाही याची शपथ घेतली. खरी का खोटी, मी विचारलं नाही.

मग बोटं कमी होत गेली तसे आम्ही हुकूम कमी करत गेलो. आधी जहाजं सोडली. मग घोडेस्वार. एक हुकूम असा होता, दाबला की गावात कोण रिकामा बसला आहे तो माणूस सापडायचा. मी म्हटलं, हा काढून टाकू का? तर म्हणतो, "राहू दे. कोनी तं विचारते रिकाम्या माणसाले."

मी बाहेर जाऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले.

शेवटी उजव्या हातातून माऊसही सुटला, डाव्या हाताचा आंगठा तेवढा राहिला, तोही अर्धा. मी म्हटलं, "तू तोंडानं सांग, मी दाबते."

"मंग तो माझा डाव नाही होत, बाई."

"नाही होत तं नाही होत. त्या पोराले कायले परत पाठवतं?"

एक रविवार त्यानं माझं ऐकलं. तो बोलायचा, मी बटण शोधायची. त्याची जीभही तोवर जड झालेली. "शिपाई" म्हणायला त्याला वेळ लागायचा, मला सापडायला त्याहून जास्त.

"अवं, तू पंगत वाढून राहिली का? दाब ना लवकर!"

"दाबून तं राहिली!"

आमचं भांडण होईपर्यंत गाव जळालं. मग विद्यार्थ्यानं वायर गुंडाळली आणि "अगले इतवार, सर" म्हणून गेला.

भावानं मला ते हुकुमांचं पान उघडायला सांगितलं. खाली कोपऱ्यात एक बटण होतं, ते दाब म्हणाला. दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत चौकट आली.

"काय विचारून राहिला हा?"

"विचारते, सगळं पयल्यासारखं करायचं, नक्की का."

"काऊन? एवढं लावलं तं आपण."

"माझ्याच्यानं आता एकही बटण दबत नाही. मंग हे असं कोनासाठी ठेवतं?"

तो म्हणाला, "बाई, हो म्हण." मी हो म्हटलं. जहाजं, घोडेस्वार, सगळे हुकूम आपापल्या पहिल्या बटणावर परत गेले. त्यातली अर्धी बटणं तर मी कधीचीच उपटून टाकलेली.

पुढच्या रविवारी विद्यार्थी आला, पण कॉम्प्युटर आणला नाही. मोसंबी आणली. फार वेळ बसला नाही.

त्यानंतर मी एका सकाळी विचारलं, "कॉम्प्युटर चालू करू का?"

"कर. पण पडदा बंद ठेव. आतला पंखा फिरते ना, त्याचा आवाज राहू दे."

मी चालू करून दिला आणि भात टाकायला आत गेले. तो होता तोवर रोज सकाळी चालू करून देत होते.