पिवळा चौकोन

वॉर्डातल्या फरशीवर प्रत्येक खाटेभोवती पिवळ्या पट्टीचा चौकोन मारलेला होता. सकाळी बायकोला खाटेसकट ऑपरेशनला नेलं आणि आमचा चौकोन रिकामा पडला. मी त्याच्याकडे बघत बसलो.

ही पट्टी माझ्या ओळखीची. आमच्या कारखान्यात सुधारणावाले साहेब आले, तेव्हा त्यांनी जमिनीवर अशाच पट्ट्या आणि हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून घेतली. पाना जागेवर नसला की नुसता आकार दिसायचा, आणि कोणी नेला ते लगेच विचारता यायचं. रोज थोडं सुधारायचं, असं ते म्हणायचे. मी चौथी शिकलेला, पण मला ते पटलं होतं. पुढे डेअरीत पट्ट्या आल्या, बँकेत आल्या, आता दवाखान्यातही. सगळं जागच्या जागी. माणूसच जागेवर नसला तर कोणाला विचारायचं, हे मात्र कुठल्या साहेबानं सांगितलं नाही.

मी उठून चौकोनात उभा राहिलो. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र घातलेला एक जण आला.

"आजोबा, बाहेर या. ही खाटेची जागा आहे."

"माहीत आहे. तुझ्या जन्माआधी असल्या पट्ट्या मी रंगवल्यात."

"मग इथे का उभे?"

"नेलेलं परत येईपर्यंत जागा राखतोय."

तो सिस्टरकडे बघायला लागला. सिस्टर माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात वॉर्डबॉय खाट ढकलत आला. खाट पुसलेली होती, चादर नवी होती, वर कोणी नव्हतं. मागून डॉक्टर मान खाली घालून येत होते. वॉर्डबॉयला खाट पट्टीला बरोबर लावायची होती.

मी बाजूला झालो.