म्हस्कू मेंढी घेऊन इन्व्हर्टर आणायला गेला

माझा धाकटा भाऊ म्हस्कू साठीच्या पुढं गेला, तरी मी त्याला पोरगंच म्हणते. केंदूरला आमची घरं शेजारी शेजारी. वडिलांनी जमीन घेतली, आम्ही कांदा लावायला लागलो आणि मेंढरांचा कळप गेला. हौसेच्या चार मेंढ्या तेवढ्या दारात राहिल्या. म्हस्कूच्या हातातली कातर मात्र सुटली नाही. दौंडकडं भीमेच्या काठानं अजून काही लोक मेंढरं राखतात, त्यांची लोकर हाच कातरतो. मेंढीच्या अंगावर ओरखडा येऊ देत नाही. कातरताना तिच्याशी जेवढं गोड बोलतो, तेवढं बायकोशी बोलला असता तर घरात भांडी वाजली नसती.

गेल्या दिवाळीपासून त्याचा उजवा अंगठा मिटेना. कातर हातातून गळायची. कुणाला सांगत नव्हता, पण डाव्या हातानं भाकरी मोडताना मी बघितला. त्यात दौंडच्या अलीकडच्या रखमाजीचा फोन आला. "मामा, या खेपेला कातरायला जमंल का? न्हाईतर बाहेरची टोळी बोलावतो. ते मशीनवर करत्यात."

त्या दिवशी म्हस्कू जेवला नाही. रखमाजीच्या बापाच्या वेळेपासून ती मेंढरं याच्याच हाताखालची. ती दुसऱ्यानं कातरायची, म्हणजे आता यानं ओट्यावर बसून नुसतं रस्त्याकडं बघायचं.

त्याची सून प्रतिभा रांजणगावला कंपनीत जाते. तिनं मोबाईलवरून लोकर कातरायचं विजेचं मशीन मागवलं. ते मुठीत धरायचं, अंगठ्याचं काम नाही. घरच्या बटणावर झकास चाललं. पण नदीकाठच्या रानात बटण कुठलं? मग ठरलं, आमच्या पिकअप गाडीच्या बॅटरीवर घरासारखी लाईट देणारा इन्व्हर्टर घ्यायचा.

प्रतिभाच्या सुट्टीला तिघं शिरूरला निघालो. बघते तर गाडीच्या मागच्या हौद्यात मेंढी उभी.

"मामा, ही कशाला? लोकं हसत्याल," प्रतिभा म्हणाली.

"चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठिवून जातीस व्हय गं?"

दुकानदार जयसिंगनं विचारलं, "किती वॅटचा दिऊ मामा?"

"दीडशे मेंढरांचा."

जयसिंग प्रतिभाच्या तोंडाकडं बघायला लागला. ती हसू दाबत म्हणाली, "मशीनवर चारशे वॅट लिवलंय."

गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायचा एक बारका इन्व्हर्टर होता. तो जयसिंगनंच बाजूला सारला, म्हणाला मोबाईलपुरता आहे. मग दोन समोर ठेवले. एक चकचकीत, हलका, पाचशे वॅटचा. दुसरा काळा, बसका, हजाराचा. मेंढा घेताना पाठ चाचपतात तसे म्हस्कूनं दोन्ही चाचपले, उचलून बघितले. "हा काळा भरीव हाय."

"मामा, ह्यात वजन बघत न्हाईत. चारशेला पाचशेचा बक्कळ झाला. उगं मोठा कशाला?" जयसिंग म्हणाला.

त्यानं पाचशेच्या वायरी गाडीच्या बॅटरीला जोडून मशीन लावलं. घुर्र करून पळालं. प्रतिभानं पैसे द्यायला मोबाईल काढला. माझे गुडघे दुखत होते, मीही म्हणाले, घ्या एकदाचा.

"आक्का, हे हवा कातरतंय," म्हस्कू म्हणाला आणि मेंढी खाली उतरवली.

दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, त्यानं ती कुशीवर निजवली. पोटाची लोकर निघाली. पाठीवरच्या दाट, गुंतलेल्या लोकरीत मशीन शिरलं तशी मोटर कण्हायला लागली. इन्व्हर्टर पिंपिं करून बंद. परत लावला, परत बंद. माणसं जमली.

"मामा, गावची लाईट गाडीत भरून आणली का?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मेंढी अर्धी उघडी होऊन बघत होती.

म्हस्कूचं तोंड एवढंसं झालं. "आक्का, न्हाई जमायचं. सांगतो रखमाजीला, बोलीव टोळी."

"थांबा की मामा," प्रतिभा म्हणाली. "आमच्या कंपनीतल्या मोटरी बी आडकल्या की दुप्पट वढत्यात. लिवलेलं चारशे नुसतं पळतानाचं. तो काळा लावा."

जयसिंगनं काळा आणला, जाड वायरी बॅटरीला आवळल्या आणि गाडी चालूच ठेवायला सांगितली, नाहीतर बॅटरी बसली असती. म्हस्कूनं मशीन पुन्हा त्याच जागी घातलं. आवाज जरा जड झाला, पण थांबला नाही. मानेपासून शेपटीपर्यंत लोकर घोंगडी काढावी तशी सलग उतरली. मेंढीच्या अंगावर एक ओरखडा नाही. मघाशी ओरडणारा आता वाकून बघत होता.

"चुकलं मामा," जयसिंग म्हणाला. "वजनावरनं वळखलं तुमी."

"म्या कुठं? मेंढीनं वळखलं."

जयसिंगनं चहा सांगितला. म्हस्कू चहाकडं बघेना, आधी फोन लावला. "रखमाजी, उद्या मेंढरं नदीवर धुऊन घे. वाळली की परवा कातरायला येतो."

"मामा, टोळीला कळवणार हुतो मी आता. हात बरा झाला व्हय?"

"हात हाय तसाच हाय. मशीन आणतोय."

"आवं पण हितं रानात लाईट कुठाय?"

"लाईट बी माझी मीच आणतोय. तू फकस्त मेंढरं धू."